सायकल न्यावी की तिथे घ्यावी : बडोदा ते मॅनहाइम, प्रकल्प नोंदी

८ जून २०२५, बडोदा

सप्टेंबरअखेर जर्मनीत मॅनहाइमला नोकरीवर रुजू व्हायचं नक्की झालं. फ्रिज, कपाट, स्कूटर इथेच राहतील, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. सायकलचा प्रश्न मात्र मोठा आहे, म्हणून तिच्यासाठी ही वेगळी वही.

आधी तिची माहिती. क्रोमोली पोलादाची टूरिंग फ्रेम, ५४ सेंमी. मागचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, १३५ मिमी रुंद. बॉटम ब्रॅकेटचे (क्रँकचा आस जिथे बसतो तिथले) आटे बीएसए पद्धतीचे, म्हणजे १.३७ इंच व्यासाला इंचात २४. दोन्ही चाकं ३६ स्पोकची, टायर ३७-६२२ (रुंदी आणि रिमचा व्यास, मिमीमध्ये). सीट चामड्याची, माझ्या बसण्याने मुरलेली. कॅरिअर, मडगार्ड, पेडलसकट वजन १४.२ किलो.

पर्याय तीन: सगळी न्यायची, अर्धी न्यायची, किंवा विकून तिथे दुसरी घ्यायची.

१४ जून

बाबांचं म्हणणं सरळ आहे. “मापं तुझ्याकडे आहेत. त्या मापाची तिथे घे. पोलाद तिथेही मिळतं.” बाबा कलाभवनात, म्हणजे इथल्या तंत्रशिक्षणाच्या संस्थेत शिकले, आयुष्य मापं घेण्यात गेलं. त्यांचं म्हणणं उडवून लावता येत नाही. म्हणून आज दोघांनी मिळून सगळी मापं घेतली. क्रँकच्या मध्यापासून सीटची उंची, सीटच्या टोकापासून हँडलपर्यंतचं अंतर, हँडल सीटपेक्षा किती खाली, पुढच्या नळीचा कोन, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा बाक. सगळं एका कागदावर उतरवलं.

खरं सांगायचं तर यातलं बरंचसं दुसऱ्या चांगल्या फ्रेमवर जुळवून घेता येईल. सीट वर-खाली होते, हँडलची दांडी बदलता येते. नळीचा कोन आणि चिमट्याचा बाक मात्र बदलता येत नाही, आणि सायकल सरळ कशी चालते, पुढे सामान लादल्यावर हँडल कसं वागतं, हे त्या दोघांवर अवलंबून असतं. तीनशे किलोमीटरनंतर पहाटे चार वाजता डोळे मिटायला लागतात, तेव्हा ही सायकल आपली रेघ सोडत नाही. ते मी अनुभवलंय.

शिवाय २०२७ आहे. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही लांब पल्ल्याची सायकल फेरी दर चार वर्षांनी होते, मागची २०२३ मध्ये झाली. सुमारे १२०० किलोमीटर, ९० तास. त्याआधी त्याच वर्षी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे पात्रतेच्या फेऱ्या, वेळेत पुऱ्या कराव्या लागतात. २०० साठी साडेतेरा तास, ६०० साठी चाळीस. मॅनहाइमहून पॅरिस जवळ. नव्या देशात, नव्या नोकरीत, अनोळखी सायकलवर ही तयारी करायची मला इच्छा नाही.

२२ जून

आज पुराबद्दल लिहायचं आहे, कारण या सायकलवर माझा जो विश्वास आहे तो तिथून आलाय.

२०२४च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदी शहरात शिरली. समा भागातल्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर पाणी होतं आणि सायकल पार्किंगमध्ये साखळीला बांधलेली. पाणी वरच्या नळीपर्यंत चढलं. बाहेर मगरींच्या बातम्या येत होत्या, खाली उतरायचा प्रश्नच नव्हता. पाणी ओसरल्यावर सायकल वर आणली आणि बाबांनी जेवणाचं टेबल रिकामं करून दिलं. आईने एका शब्दानेही हरकत घेतली नाही.

पोलादी फ्रेमच्या जोडांजवळ बारीक भोकं असतात. झाळताना आतली हवा बाहेर जावी म्हणून ठेवलेली. पुराचं पाणी तिथूनच आत शिरतं आणि सगळं उतरून बॉटम ब्रॅकेटच्या कवचात साठतं. आम्ही कप काढला तेव्हा आतून काळा गाळ आला. बाहेरून सायकल पुसून चकचकीत केली असती तरी आतून ती वर्षभरात सडली असती. दोन्ही हबचे कोन (छर्र्यांना धरणारे शंकू) आणि छर्रे काढून रॉकेलने धुतले, छर्रे नवे टाकले. नळ्या सुकवून आत उकळवलेलं जवसाचं तेल फिरवलं, फ्रेम या बाजूवरून त्या बाजूवर उलटवत राहिलो. ते तेल वाळून आत पातळ थर धरतं आणि गंजाला अडवतं.

तिथे दुकानातली नवी सायकल घेतली तर ती निर्दोष असेल. पण या सायकलच्या आत काय आहे ते मला ठाऊक आहे.

५ जुलै

पाठवण्याचे हिशेब. इथे बराच वेळ गेला, म्हणून सविस्तर.

नव्या सायकली दुकानात येतात त्या पुठ्ठ्याच्या खोक्याचं माप साधारण १४० × ८० × २२ सेंमी. कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन दोन्ही काढतात आणि जे जास्त त्यावर भाडं लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं. आमच्या खोक्याचं उत्तर ४९.२८. प्रत्यक्ष वजन १८ किलोच्या आसपास आणि भाडं पन्नास किलोचं! विमानाच्या माल वाहतुकीत सहसा ६००० ने भागतात, तेव्हा ४१ येतात. तेही दुपटीहून जास्तच. कुरिअरचा जो आकडा मला सांगितला गेला त्यात तिथे एक वापरलेली बरी टूरिंग सायकल येते. हा पर्याय बाद.

समुद्रमार्ग स्वस्त असेल असं सगळेच सांगतात. पूर्ण कंटेनर आपला नसला तर घनमीटरवर भाडं लागतं. आमचं खोकं पाव घनमीटरच आहे, पण बहुतेक ठिकाणी किमान एक घनमीटरचे पैसे घेतात. त्यावर इथले कागद, तिथल्या बंदरातली हाताळणी, एजंट, आणि हॅम्बुर्गहून मॅनहाइमपर्यंत साडेपाचशे किलोमीटरहून जास्त रस्ता. लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३च्या अखेरीपासून बरीच जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जातात, तो वेळ वेगळा. घरभर सामान जाणार असेल, पुस्तकं, भांडी, गाद्या, तर सायकल त्यात सहज जाते आणि मग हाच मार्ग योग्य. माझ्या दोन बॅगा आहेत.

आणखी एक: लाकडी पेटी करायचं डोक्यात असेल तर तिला आंतरराष्ट्रीय नियम आहे. लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवलेला असावा लागतो आणि तसा शिक्का पेटीवर लागतो, नाहीतर लाकडातले किडे देशोदेशी जातात. पुठ्ठ्याला हा नियम नाही. म्हणून पुठ्ठाच.

राहिला तिसरा मार्ग: माझ्याच विमानात, माझं सामान म्हणून. साध्या चेक-इन बॅगेची तिन्ही मापं मिळून १५८ सेंमी चालतात. वाटलं होतं सायकल सुटी करून दोन खोक्यांत बसवू. टायर काढलेली चाकं ६४ × ६४ × १६ मध्ये बसतात, बेरीज १४४. चाकांचं जमलं. चिमटा काढूनही फ्रेम ९८ × ६२ × १६ च्या खाली येईना, बेरीज १७६. मग वेगळं खोकं करण्यात अर्थ नाही. सगळी सायकल एका खोक्यात घालून खेळाचं सामान म्हणून आधी नोंदवायची, वजन २३ किलोच्या आत ठेवायचं. त्याचं भाडं कुरिअरच्या आकड्यापुढे अगदीच कमी आहे.

१९ जुलै

कस्टम. बाबांची आणखी एक सूचना होती: इथे नवी सायकल स्वस्त पडते, ती घे आणि ने. कागद वाचल्यावर कळलं की हेच करायचं नाही.

युरोपीय संघाचा २००९चा ११८६ क्रमांकाचा नियम आहे. संघाबाहेर सलग बारा महिने राहिलेला माणूस कायमचा राहायला येत असेल तर त्याचं वापरातलं घरसामान जकातीशिवाय येतं. अट अशी की वस्तू किमान सहा महिने आपल्या ताब्यात आणि वापरात असावी, वास्तव्य सुरू झाल्यापासून बारा महिन्यांत यावी, आणि आल्यावर बारा महिने ती विकायची नाही, भाड्याने किंवा उसनीही द्यायची नाही. जर्मनीत त्यासाठी ०३५० क्रमांकाचा फॉर्म आणि सोबत सामानाची यादी.

नवी कोरी सायकल या सवलतीत बसत नाही. सायकलवर तिथे १४ टक्के जकात, आणि जकातीसकट रकमेवर १९ टक्के आयात कर. ८०० युरोच्या सायकलवर जकात ११२, मग ९१२ वर कर सुमारे १७३. म्हणजे २८५ युरो वरचे. इथला स्वस्तपणा तिथेच संपतो.

पुरावे जमवले: फ्रेमचं बिल, पुरानंतर घेतलेले फोटो, बीआरएमची तारखांचे शिक्के असलेली कार्डं. फ्रेम नंबर बॉटम ब्रॅकेटच्या खाली कोरलेला आहे, त्याचा जवळून फोटो.

३ ऑगस्ट

आता उलटी बाजू. तिथे रोज ऑफिसला, बाजाराला, स्टेशनवर कोणती सायकल न्यायची?

मॅनहाइम सपाट आहे, ऱ्हाइन आणि नेकार या दोन नद्यांच्या संगमावर वसलेलं. सायकलींचा इतिहासच तिथे सुरू होतो: १२ जून १८१७ रोजी कार्ल ड्राइस आपलं दोन चाकांचं, पेडल नसलेलं, पायांनी ढकलायचं यंत्र घेऊन मॅनहाइमहून श्वेट्सिंगेनच्या दिशेने निघाला होता. हे वाचून मी खूप वेळ नकाशा बघत बसले.

पण तिथल्या स्टेशनबाहेर पावसात, बर्फात, रात्रभर उभी राहणारी सायकल ही असू नये. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते चेनला आणि पोलादाला खातं. सायकलचोऱ्या तिथेही भरपूर होतात. जी हरवली तर जीव हळहळेल ती रोज बाहेर बांधायची नाही. म्हणजे तिथे एक वापरलेली साधी सायकल घ्यावी लागणारच, ही नेली तरी किंवा नाही तरी. सेकंड-हँड शहरी सायकल शंभर ते अडीचशे युरोत मिळते असं दिसतंय.

आणि इथेच माझा गुंता सुटला. इतके दिवस मी ‘नेणं’ विरुद्ध ‘घेणं’ असा ताळा मांडत होते. रोजची सायकल तिथे घ्यायचीच आहे, आणि तिला कसलीही मोठी किंमत नाही. मग ही सायकल जी तुलना मागते ती फक्त त्याच तोडीच्या नव्या टूरिंग सायकलशी, आणि तशी सायकल तिथे हजार-बाराशे युरोच्या खाली मिळत नाही.

१७ ऑगस्ट

ठरलं. सायकल विमानाने माझ्यासोबत. जे झिजतं ते इथेच सोडायचं: टायर, चेन, ब्रेकचे गुटके, जुना फ्रीव्हीलचा, म्हणजे मागच्या दात्यांचा गट. ते तिथे नवं बसवू. ६२२ची रिम तिथे सर्वसाधारण असल्याने टायर शोधावे लागणार नाहीत. फ्रेम, चिमटा, चाकं, क्रँक, सीट, हँडल, कॅरिअर जाणार.

वहीत एक ओळ बाबांच्या देखत लिहिली: मला हीच सायकल हवी आहे, आणि हे कारण हिशेबात धरलेलं आहे. बाबांनी वाचलं आणि खाली सही केली.

२८ ऑगस्ट

काल गणपती बसले. काम बंद. पुढच्या आठवड्यात चाकं मिस्त्रीचाचांकडे.

७ सप्टेंबर

काल विसर्जन झालं, आज रावपुऱ्यात चाचांकडे. दोन्ही चाकं त्यांनीच विणलेली. स्टँडवर लावून फिरवली, मागच्या चाकाचा किंचित आउट काढला, मग प्रत्येक स्पोक बोटांनी जोडीजोडीने दाबून ताण बघितला. पुढच्या रिमवर ब्रेक घासून घळ पडलीय, ती नखाने दाखवली. “बेन, त्यां जईने रिम नवी लेजो. हब तो आ ज राखजो.” म्हणजे तिथे जाऊन रिम नवी घे, हब मात्र हाच ठेव. मी विचारलं, तिथला माणूस विणेल ना नीट? चाचा म्हणाले, स्पोक मोजून, प्रत्येक स्पोक इतर स्पोकांना तीनदा ओलांडून विण म्हणून सांगायचं, आणि विणून झाल्यावर चाक जमिनीवर आडवं ठेवून दोन्ही हातांनी दाबायला सांगायचं. कुरकुर आवाज येईनासा होईपर्यंत. नवे स्पोक हबमध्ये बसायला वेळ घेतात, ते आधीच बसवून घेतलं की रस्त्यावर चाक सैल पडत नाही.

पैसे घेतले नाहीत. वर एक छर्र्यांची डबी दिली.

१३ सप्टेंबर

पॅकिंग. दुकानातून मिळालेलं खोकं, एसीच्या पाइपचा काळा फोम, इलेक्ट्रिकची टेप, जुने टॉवेल.

आधी पेडल. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवून सुटतं. धाकटा चुलतभाऊ उजवीकडच्या सवयीने जोर लावायला निघाला होता, बाबांनी हात धरला. पंधराचा पाना. आट्यांना ग्रीस लावून पेडल वर्तमानपत्रात.

मग सीट खाली. आधी दांड्यावर टेपने खूण. हँडल सोडवून वरच्या नळीला समांतर बांधलं. गिअर बदलणारा मागचा डिरेलर त्याच्या कानापासून, म्हणजे तो लटकतो त्या पट्टीपासून, सोडवून चेनस्टेच्या (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीच्या) आत बांधला. खोकं त्या बाजूवर आपटलं तर सगळ्यात आधी तो कान वाकतो. पुढचं चाक काढल्यावर चिमट्याच्या दोन टोकांमध्ये १०० मिमीचा प्लास्टिकचा ठोकळा, दुकानदाराकडे असे पडलेले असतात. तो नसेल तर खोक्यावर वजन पडताच चिमटा आत दबतो. धुऱ्यांच्या टोकांना पुठ्ठ्याच्या चकत्या, नाहीतर त्या खोक्याला भोक पाडून बाहेर येतात. सगळे बोल्ट एका डबीत, डबी फ्रेमला बांधलेली.

टायर काढलेलेच आहेत, त्यामुळे हवेचा प्रश्न नाही. तसंही मालाच्या कप्प्यात हवेचा दाब राखलेला असतो, टायर फुटत नाहीत. पण हवा काढा असं विमानवाले सांगतात तेव्हा काढावी. पंक्चर काढल्यावर वापरायची कार्बन डायऑक्साइडची छोटी नळकांडी मात्र चुलतभावाकडे दिली.

भरून वजन १९.४ किलो. उरलेल्या जागेत पाने, चेन तोडायचं हत्यार, हातपंप आणि आईने दिलेली जाड चादर, तीच भरणीलाही. २२.६ वर थांबलो.

२० सप्टेंबर, मुंबई

बडोद्याहून इकोमध्ये. मागची सीट पाडली की खोकं आडवं मावतं, हे आधी मोजून ठेवलं होतं. भरूचला गर्दी लागली, तरी वेळेत पोचलो.

चेक-इनच्या आधी कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र करून घेतलं: फ्रेम नंबर, वर्णन, फोटो. कधी सायकल परत आणली तर ती इथूनच गेली होती हे दाखवता येईल. खोक्याची एक बाजू उघडता येईल अशी मुद्दाम ठेवली होती, म्हणून नंबर दाखवायला सगळं फाडावं लागलं नाही. सोबत टेपचं रीळ ठेवलेलं बरं.

२१ सप्टेंबर, फ्रँकफर्ट

खोकं मोठ्या सामानाच्या पट्ट्यावर आलं. एक कोपरा चेपलेला. लाल मार्गाने गेले, फॉर्म, यादी, नोकरीचा करार, बिल पुढे ठेवलं. अधिकारी बाईंनी बीआरएमची कार्डं उलटून बघितली, काही शहरांची नावं वाचायचा प्रयत्न केला, हालोल, गोध्रा, आणि शिक्का मारून दिला. पुढे आधीच सांगून ठेवलेल्या मोठ्या गाडीने मॅनहाइम.

२८ सप्टेंबर, मॅनहाइम

सायकल उभी केली. कान सरळ, चिमटा सरळ. मागचं चाक जराही हललेलं नाही. बाबांना फोनवर व्हिडिओ दाखवला, त्यांनी चाक दोनदा फिरवून दाखवायला लावलं.

दिव्यांचा नियम इथे कडक आहे. पुढे पांढरा दिवा आणि पांढरा परावर्तक, मागे दोन्ही लाल, पेडलला पिवळे, टायर किंवा रिमला पांढरं परावर्तक कडं, किंवा प्रत्येक चाकाला दोन पिवळे. दिव्यावर नागमोडी रेघ, के अक्षर आणि क्रमांक हवा. डायनमोच हवा ही सक्ती २०१३ मध्ये गेली, बॅटरीचा दिवाही चालतो. माझा बडोद्यातला दिवा गोल झोत टाकायचा, समोरच्याच्या डोळ्यांत जायचा; तो इथे चालला नसता, म्हणून तिकडेच ठेवला. इथल्या दिव्याचा झोत वरून कापलेला आणि रस्त्यावर पसरणारा असतो. एका संध्याकाळीच पटलं की नियम चांगला आहे. आपल्याकडे आजवा रोडला समोरून येणाऱ्यांना असा दिवा असता तर किती बरं झालं असतं.

नव्या चेनसोबत मागचे दातेही नवे बसवले. टायर नवे, कडेला पांढरी परावर्तक पट्टी असलेले.

५ ऑक्टोबर

रोजची सायकल मिळाली. एका शिक्षिकेची, तीन गिअर हबच्या आत, उलटं पेडल मारलं की मागचा ब्रेक. किंमत १४० युरो. लेखी पावती घेतली, तिच्यावर फ्रेम नंबर. इथल्या कायद्यात चोरीची वस्तू अनवधानाने विकत घेतली तरी ती आपली होत नाही, मूळ मालकाची ती राहते. म्हणून पावती नाही तर सायकल नाही.

या सायकलच्या ट्यूबला आपल्याकडचाच जुना साधा व्हॉल्व्ह आहे, बडोद्याच्या साध्या सायकलींना असतो तो. हातपंप थेट बसला.

पुढचा ब्रेक मात्र बघून घ्यावा लागतो. माझ्या सायकलला तो उजव्या हातात आहे, आपल्याकडे असतो तसा. इथल्या अनेक सायकलींना डाव्या हातात. घाईत दाबलं जातं ते सवयीने, म्हणून दोन्ही सायकलींना एकाच हाताला हवा. या सायकलची केबल बदलून उजवीकडे घेतली.

१९ ऑक्टोबर

काल ओडेनवाल्डच्या टेकड्यांत गेले, सकाळी नेकारच्या काठाने. चढ लांब आहेत, पावागडच्या रस्त्यासारखे एकदम अंगावर येत नाहीत. उतरणीवर हँडल सोडून जर्किन काढलं, सायकलने रेघ सोडली नाही. पुढच्या रिमचं काम मात्र हिवाळ्याआधी करायला हवं. जवळच्या दुकानातल्या माणसाला चाचांचा हब दाखवला. तो हब ठेवून रिम बदलायला तयार आहे. तीनदा ओलांडून विणायचं हे मी सांगायच्या आधी त्यानेच सांगितलं.

चुलतभावाचा मेसेज आला. त्याला पुढच्या वर्षी इथे शिकायला यायचंय, तर त्याची हायब्रिड आणू का? कळवलं: अॅल्युमिनियमची आहे, दुकानातून जशी आली तशीच आहे, आणि तुला तिच्याबद्दल विशेष काही वाटतही नाही. तिच्या खोक्याचं भाडं भरण्यापेक्षा ती तिथेच वीक आणि इथे एखादी सेकंड-हँड घे. येताना चाचांकडून १४ आणि १५ नंबरचे कोनचे पाने घेऊन ये, आणि मागच्या चाकाच्या मापाचे चार-पाच स्पोक.